उंदीर कुत्र्यानं मारला, पाप कुणाच्या खात्यावर?



या वेळी ज्वारीच्या पापड्यांवर लिहायचं ठरवलं होतं. निम्मं लिहूनही झालं होतं. पण परवा लातूरहून विहीणबाईंचा फोन आला आणि पापड्या राहिल्या बाजूला. ख्यालीखुशाली झाली, मग म्हणाल्या, "तुमच्याकडं ते पांढरं-तपकिरी छोटं कुत्रं आहे ना, टेरियर का काय ते? आमच्या गोडाऊनमध्ये उंदरांनी नुसता उच्छाद मांडलाय. औषध टाकायला मन धजत नाही हो, आपण जैन माणसं. म्हणून ह्यांचं म्हणणं, तसलं एक कुत्रं आणून सोडावं. परस्पर काम होऊन जातं."

त्या 'परस्पर'वर माझं डोकं फिरलं. विहीणबाईंवर नाही, त्या माझ्याहून जास्त उपवास करतात आणि मनानं फार मऊ आहेत. राग आला तो माझा मलाच. दोन वर्षांपूर्वी हाच शब्द आमच्या घरात बोलला गेला होता आणि मी मेथी निवडत गप्प बसले होते.

आमचं आडतीचं दुकान आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, उडीद जिथं येतो तिथं उंदीर येणारच. सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडं विषारी औषध नाही की चिकट पॅड नाही. पिंजरा लावायचा आणि सापडलेला उंदीर गावाबाहेर माळावर सोडून यायचा, हा नेम. धाकट्याला हे जुनाट वाटायचं. त्यानं मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी शेतावरचा व्हिडिओ पाहिला, चार छोटी कुत्री धान्याचं कोठार बघता बघता साफ करतात असा. त्याच सुमारास नातीचा आठवा वाढदिवस होता आणि तिला कुत्रा हवाच होता. "आई, एका दगडात दोन पक्षी," असं तो म्हणाला. (अहिंसेच्या घरात ही म्हण आपण किती सहज बोलतो, तेही बघा.) हे म्हणाले, "आणू दे की, आपण कुठं मारतोय?" सूनबाई हसली. मी मेथी निवडत राहिले.

पाडव्याला पुण्याहून गाडीत घालून जॅक रसेल टेरियरचं पिल्लू आलं. किंमत पस्तीस हजार. विकणाऱ्यानं अडीच महिन्यांचं म्हणून सांगितलं होतं. इथल्या डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, सहा आठवड्यांच्या वर नाही. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी केंद्र सरकारनं २०१७ साली नियम केलेत, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. आम्हाला ते माहीत नव्हतं आणि विकणाऱ्याला ते माहीत असूनही उपयोग नव्हता. पिल्लाची शेपटी आधीच कापलेली होती, बोटभर उरली होती. मी विचारलं तर धाकटा म्हणाला, "या जातीत तशीच असते." जन्मताना तशी नसते, हे मला नंतर कळलं.

नातीनं नाव ठेवलं टिल्लू. दूधवाल्यानं 'टेरियर' ऐकून विचारलं, "तेरचं का? गोरोबाकाकांच्या गावचं?" सगळे पोट धरून हसलो. तेरचं नाही, इंग्लंडचं. पण ते तिथं कशासाठी जन्माला घातलं गेलं, हे घरातल्या मोठ्या माणसांपैकी एकानंही विचारलं नाही. मिक्सर घेताना मी वॅट विचारते, वॉरंटी विचारते, भांडं घासायला किती जड तेही उचलून बघते. जीव घेताना रंग बघितला.

मग मी वाचायला बसले. बी.कॉम. होऊन चाळीस-बेचाळीस वर्षं झाली तरी व्यवहार झाल्यावर हिशेब तपासायची सवय गेली नाही. व्यवहाराच्या आधी तपासायची लागली असती तर बरं झालं असतं.

टेरियर हा शब्द जमीन या अर्थाच्या लॅटिन 'टेरा'वरून आलेला. जमिनीत, बिळात शिरणारा कुत्रा. तिकडं शेकडो वर्षं लोकांनी उंदीर, घुशी, कोल्हे, बिज्जू यांच्यासाठी ही कुत्री निवडून निवडून वाढवली. जे पिल्लू जास्त चिवट, ज्याला चावा बसला तरी मागं हटत नाही, त्याचीच पुढची वीण. लंडनमध्ये तर हौदात उंदीर सोडून त्यात कुत्रा सोडायचे आणि वर पैजा लावायचे. १८२३ साली बिली नावाच्या, टेरियरचं रक्त असलेल्या कुत्र्यानं साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारले, त्याची नोंद लोकांनी कौतुकानं जपून ठेवली आहे. यॉर्कशायर टेरियर, ज्याला आता शहरातल्या मुली रिबीन बांधून मांडीवर घेतात, तोही मुळात कामगारांच्या वस्तीत आणि गिरण्यांत उंदरांवर सोडलेला. आणि जॅक रसेल हे तर एका पाद्र्याचं नाव. इंग्लंडच्या डेव्हन भागातले हे धर्मोपदेशक १८८३ साली वारले. त्यांना कोल्ह्याच्या शिकारीचा नाद. कोल्हा बिळात दडला की त्याच्यामागं आत शिरून त्याला बाहेर काढणारी छोटी कुत्री त्यांनी तयार केली. रंग पांढरा का, तर धावपळीत शिकाऱ्यानं आणि मोठ्या कुत्र्यांनी त्यालाच कोल्हा समजू नये म्हणून. नातीला ज्या पांढऱ्या रंगाची भुरळ पडली, त्याचं कारण हे.

हे कळल्यावर टिल्लूच्या सगळ्या 'खोडी' मला वेगळ्या दिसायला लागल्या. त्यानं मागच्या अंगणातली मोगऱ्याची आळी उकरली, कढीपत्त्याच्या मुळाशी कोपरभर खड्डा केला. ते त्याचं काम. बारीक, तीक्ष्ण आवाजात तो न थांबता भुंकतो. जमिनीखालून भुंकत राहिल्याशिवाय वरच्या माणसाला कुठं खणायचं ते कळणार कसं? तेही काम. नातीच्या कापडी सशाला तोंडात धरून तो मान इकडून तिकडं झटकायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. उंदराची मान त्याच झटक्यानं मोडते. चिमटलं की 'ची ची' वाजणारं रबरी खेळणं आम्ही हौसेनं आणलं होतं, तो आवाज कुणाचा असतो याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. असा हुशार, असा जीव लावणारा प्राणी मी पाहिला नाही. नात शाळेतून यायच्या दहा मिनिटं आधी तो फाटकाशी जाऊन बसतो, घड्याळ लावावं असा. सात किलोचं ध्यान, पण म्हशीसमोर उभं राहून तिला दटावतं. एकदा शिकवलं की विसरत नाही, आणि एकदा ठरवलं की ऐकत नाही. हे दोन्ही त्याच्या रक्तातच आहे, कारण बिळात मालकाची हाक पोचत नाही, तिथं त्यानं स्वतःच ठरवायचं असतं. आपल्याकडं लहान कुत्रं म्हणजे गरीब कुत्रं असा एक समज आहे. 'हम आपके हैं कौन' आला तेव्हा घरोघरी टफीसारखं पांढरं कुत्रं हवं झालं, पुढं हचच्या जाहिरातीतला पग आला आणि पगांची लाट आली. त्याच हिशेबात आता हा. उंची एक फूट, म्हणून फ्लॅटमध्ये मावेल. शरीर मावतं हो, स्वभाव मावत नाही.

पुढच्या उन्हाळ्यापासून धाकटा त्याला दुकानी न्यायला लागला. पहिल्या दिवशी तीन उंदीर. मुनीमजींनी कौतुकानं फोटो पाठवला. घरातल्या गटावर त्यावर हसरे चेहरे पडले, एक माझाही पडला. हे मी मुद्दाम सांगते आहे.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. तुम्हाला माहीत आहे, रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय. व्रतांचा, अतिचारांचा. प्रवचन ऐकून आम्ही चार-पाच जणी आमच्याच घरी पाणी प्यायला आलो. फाटक उघडलं तर टिल्लू ओसरीवर उभा आणि तोंडात खार. अजून हलत होती. त्यानं ती आणून माझ्या पायाशी ठेवली आणि उरलेली बोटभर शेपटी हलवत माझ्या तोंडाकडं बघत बसला. शाबासकीची वाट बघत होता. का बघणार नाही? दुकानी तीन महिने त्याला याच कामाची शाबासकी मिळत होती.

मी खाली बसून खारीच्या कानाशी णमोकार म्हटला. ती गेली. बरोबरच्या बायका पाणी न पिता गेल्या.

रात्री आमच्या महिला मंडळाच्या गटावर चर्चा सुरू झाली. असला हिंसक प्राणी श्रावकाच्या घरात कसा? याच्या हातचं नको, त्याच्या घरचं नको. एकीनं लिहिलं, बायपासला सोडा, धाबेवाले सांभाळतात. दुसरीनं लिहिलं, कुंथलगिरीला जाताना वाटेत सोडा, पुण्यभूमीत सुखी राहील. हे वाचून मी मोबाइल पालथा ठेवला. जिथं कुलभूषण-देशभूषण मुनी मोक्षाला गेले, जिथं १९५५ साली शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, त्या डोंगराच्या वाटेवर आपण आपला नकोसा झालेला जीव टाकून यायचा, आणि वर दर्शन घेऊन पुण्यही बांधायचं! प्राण्याला उपाशी-तहानलेला मरेल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हे मी त्या रात्री लिहिलं. कुणी उत्तर दिलं नाही. एका बाईनं हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मैत्रिणींनो, मला त्या गटाशीही भांडायचं आहे आणि विहीणबाईंच्या 'परस्पर'शीही. दोन्हीकडं चूक एकच आहे. पाप कुत्र्याच्या नावावर लिहिलं जातंय.

शास्त्राचा दाखला गटावर दिला गेला, तो खरा आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकानं टाळायचे पंधरा व्यवसाय सांगितलेत, त्यातलं 'असतीपोषण' म्हणजे पैशासाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर असे प्राणी पाळणं. ते श्वेतांबर परंपरेतलं, आपण दिगंबर, म्हणून सुटका होईल असं कुणी समजू नये. आपल्याकडं अनर्थदंडात हिंसादान आहेच, हिंसेचं साधन पुरवणं. पण हे सगळे निषेध कुणाला उद्देशून आहेत? पाळणाऱ्याला. कुत्र्यासाठी कुणी श्रावकाचार लिहिला नाही. उलट समंतभद्राचार्य रत्नकरंडकात सांगतात की धर्माच्या बळावर कुत्र्याचाही देव होतो आणि पापानं देवाचाही कुत्रा होतो. जीवंधरकुमाराची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. लोकांनी मारून टाकत आणलेल्या कुत्र्याच्या कानात त्यानं णमोकार म्हटला आणि तो कुत्रा यक्ष झाला. त्या कथेत कुत्र्याला 'तू आधी काय काय मारलंस' असं जीवंधरानं विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

आता माझा विषय, वाणिज्य. आम्हाला दुसऱ्या वर्षाला १८७२ चा करार कायदा होता. त्यात एजन्सीचं प्रकरण. मालकानं नेमलेल्या माणसानं नेमून दिलेलं काम केलं, तर ते मालकानंच केलं असं धरतात. "मी कुठं सही केली, मुनीमानं केली," हे चालत नाही. आडत म्हणजे तरी काय? शेतकऱ्याच्या वतीनं माल विकायचा आणि कमिशन घ्यायचं. आमच्या घराची तीन पिढ्यांची भाकरी या 'च्या वतीनं'वर चालली आहे. 'परस्पर' काहीच होत नसतं, हे आम्हाला कायदा न शिकताही कळायला हवं होतं. शास्त्रात याचेच तीन शब्द आहेत आणि ते आपल्याला पाठ आहेत: कृत, कारित, अनुमोदना. टिल्लूनं उंदीर मारला, ते कृत. धाकट्यानं त्याला त्यासाठी आणलं आणि गोडाऊनमध्ये सोडलं, ते कारित. मी फोटोवर हसरा चेहरा टाकला, ती अनुमोदना. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हिंसा करणारा एक आणि तिच्या फळाचे वाटेकरी अनेक, असंही घडतं, हे दाखवलंय. वाटेकऱ्यांच्या यादीत मी आहे. आणि आमच्या या भागीदारीत सगळ्यात कमी समजून-उमजून सामील झालेला भागीदार म्हणजे तो कुत्रा.

विषाची गोळी टाकणारा शेजारी निदान आपण काय करतोय ते जाणतो. आपण तेच काम एका मुक्या जिवाकडून करवून घेतो आणि हात स्वच्छ म्हणून पूजेला बसतो. मला विचाराल तर आपला प्रकार त्याच्याहून वाईट.

यात कुत्र्याचंही भलं होत नाही. मार्गशीर्षात टिल्लू एकाएकी मलूल झाला. खाईना, धावेना. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रात्री गाडी काढून सोलापूर गाठलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "हा उंदीर पकडतो का?" यार्डात कुणी तरी रक्त गोठू न देणारं उंदीरमार औषध ठेवलं होतं, ते खाऊन सुस्तावलेले उंदीर आमच्या गोडाऊनमध्ये आले आणि याच्या तोंडी लागले. उंदरातलं विष कुत्र्यात उतरलं. व्हिटॅमिन के ची इंजेक्शनं, मग तीन-चार आठवडे गोळ्या. वाचला. त्याच डॉक्टरांनी सांगितलं की उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो, कुत्र्याला होतो आणि कुत्र्यातून घरच्या माणसांनाही होऊ शकतो. नात त्याचा मुका घेते. त्या रात्री परतताना तामलवाडीच्या आसपास धाकटा गाडी चालवता चालवता रडला. मी काही बोलले नाही. त्या दिवसापासून टिल्लू दुकानी गेलेला नाही.

आता तो आहे आणि राहणार. ही कुत्री तेरा-चौदा वर्षं सहज जगतात, पंधरा-सोळाही. मी पंचाहत्तरी गाठीन तेव्हाही हा फाटकाशी भुंकत असेल, अशा हिशेबानंच मी त्याच्याकडं बघते. आणि त्याचं करायचं काय, याचं उत्तर मला कुठल्या इंग्रजी पुस्तकाच्या आधी त्या सातव्या अध्यायातच सापडलं. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बैल, घोडे, गायी डोळ्यांसमोर ठेवून सांगितलेले असतील, पण आमच्या अंगणातल्या या इंग्रजी पाहुण्याला एकेक शब्द लागू पडतो.

छेद तर आमच्या घरी यायच्या आधीच झाला होता. शेपटी कापायची ही चाल शिकारीच्या काळातली. पिल्लू बघायला जाल (जाऊ नये, पण जाल) तर कापलेली शेपटी ही त्याची शोभा नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

बंध म्हणजे साखळी. आपल्याकडं 'कुत्रा पाळला' म्हणजे जिन्याखाली साखळीला बांधला. टेरियरला दिवसभर बांधलं की तो वेडापिसा होतो. मग भुंकणं, स्वतःचेच पाय चाटून चाटून सोलणं, मुलांवर गुरकावणं. मग आपण म्हणतो, जातच चावरी. त्याला रोज तासभर तरी भरपूर हालचाल लागते, आणि डोक्याला काम लागतं ते वेगळंच. आमच्याकडं पहाटे साडेपाचला एक फेरी आणि अंधार पडल्यावर दुसरी. इथं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. दुपारी त्याला बाहेर काढू नका. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसत नाही. या मातीचा प्राणी म्हणजे आपली काळी उस्मानाबादी शेळी, ती माळावर बाभळीच्या शेंगा खाऊन मजेत राहते. हा पावसाळी, गार मुलखातला. त्याला आपण इथं आणलंय, तर पंखा त्याच्या वाट्याचाही.

बाहेर मात्र पट्टा हवाच, कितीही शिकवलेला असला तरी. खार दिसली की त्याला हाक ऐकू येत नाही. मी त्याच्या गळ्यात एक घुंगरू बांधलंय. खारींना आधीच कळतं आणि त्या झाडावर पळतात. खारीच्या त्या दिवसानंतर आजवर आमच्या अंगणात काही मेलेलं नाही. उकरण्यासाठी जुन्या हौदात चाळलेली वाळू भरून दिली आहे, तिच्यात नात त्याचा चेंडू पुरून ठेवते. जमिनीतल्या जिवांचा प्रश्न काही जणींनी काढला, बरोबर काढला. मोकळं अंगण उकरू देण्यापेक्षा चाळलेली वाळू बरी, एवढंच माझं उत्तर आहे. 'ची ची' वाजणारं खेळणं फेकून दिलं.

अन्नपाननिरोध. यावर मला जरा ओरडूनच सांगायचं आहे. आपल्या ओळखीच्या एका घरात कुत्र्यालाही चौविहार करवतात. सूर्यास्तानंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवतात आणि "आमचा राजा पण पाळतो हो" म्हणून कौतुक सांगतात. अहो, व्रत स्वतःच्या इच्छेनं घेतलं तर व्रत. दुसऱ्याचं पाणी तोडलं तर तो नेमका पाचवा अतिचार. जेवण सूर्यास्ताच्या आत द्या, खुशाल द्या. मोठ्या कुत्र्याला दोन वेळा पुरतं आणि आपल्या वेळा त्याला छान जुळतात. गाळलेलं पाणी द्या. पण पाणी रात्रभर हवं.

शाकाहारावर राहील का? राहतो. मांजराचं तसं नाही, मांसातल्या काही घटकांवाचून मांजराचं शरीर चालत नाही, म्हणून मांजर आणून त्याला दूध-भातावर ठेवू नका. कुत्रा माणसांबरोबर हजारो वर्षं राहून पिठूळ अन्न पचवायला शिकलाय. पण शाकाहार म्हणजे दूध-भाकरी नव्हे. नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लू वाढवलं तर पाय वाकतात, आणि बऱ्याच कुत्र्यांना दूध पचतही नाही. डॉक्टरांना विचारून शिजवलेली डाळ, सोयाबीन, भात, भोपळा, थोडं दही, आणि जोडीला बाजारात मिळणारं शाकाहारी डॉगफूड, असं आमचं चालू आहे. वर्षातून एकदा रक्त तपासतो. कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखे, तिथं आपलं स्वयंपाकघर आधीच सुरक्षित! पण बेदाणे आणि मनुका तितक्याच वाईट, मूत्रपिंड निकामी होतात. पारण्याच्या दिवशी सुक्या मेव्याची ताटली खाली ठेवू नका. चॉकलेटही नाही.

लस, जंतांचं औषध, गोचिडी, नखं, हे विस्तारानं लिहीत नाही, डॉक्टर सांगतील. आमच्या वहीतला आकडा मात्र सांगते. पहिल्या वर्षात औषधपाणी, खाणं आणि सोलापूरच्या फेऱ्या धरून टिल्लूवर झालेला खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होता. धाकट्यानं उंदरांमुळं होणारं नुकसान वाचेल म्हणून गणित मांडलं होतं. ते गणित मी त्याला वहीसकट दाखवलं.

राहता राहिले उंदीर. तेही संज्ञी पंचेंद्रिय जीव, कुत्र्याइतकेच. आणि धान्य शेतकऱ्याच्या घामाचं, ते वाया जाऊ देणं हाही धर्म नव्हे. मोठा उंदीर अर्ध्या इंचाच्या फटीतून आत येतो, लहान चिचुंद्रीएवढा तर बोट जाणार नाही अशा भोकातून. म्हणून आधी फटी. शटरच्या खाली पत्र्याची पट्टी, झरोक्यांना बारीक जाळी, पाइप भिंतीत जातात तिथं सिमेंट. पोती भिंतीला टेकवून रचायची नाहीत, हातभर जागा सोडायची, खाली लाकडी फळ्या, म्हणजे हमालाला झाडता येतं आणि उंदराला लपता येत नाही. सांडलेलं धान्य रोज संध्याकाळी उचलायचं. पिंजरे आहेतच, पण ते रोज सकाळी बघायचे. दोन दिवस पिंजऱ्यात तडफडलेला उंदीर म्हणजे पुन्हा बंध आणि अन्नपाननिरोधच. एवढं केल्यावरही एखादा येतो. त्याला माळावर सोडायला आता धाकटा स्वतः जातो. या सगळ्याला एक सुतार, एक गवंडी आणि चार दिवस लागले. खर्च टिल्लूच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी.

विहीणबाईंना मी फोनवर हे सगळं काही सांगितलं नाही. नात्याचा मामला, शिवाय त्या वेळी मला शब्दच सुचेनात. एवढंच म्हणाले, "शटरखालची फट किती आहे तेवढं मोजून कळवा." काल त्यांचा निरोप आला, दीड इंच. सुताराला उद्या बोलावलंय म्हणाल्या. कुत्र्याचं अजून काही बोलल्या नाहीत.